हेलवान ते शुब्रा, गाडी एकदा बदलून

शुक्रवार, १ नोव्हेंबर. सकाळी १०.

ही वही आजपासून. कोणी वाचायची नाही. सोहेर वाचणार नाही, कारण तिचा चष्मा मी कपाटावर टाकला आहे.

काल मोअताझचा फोन आला. मोअताझ म्हणजे माझा भाचा, इन्साफचा मुलगा, कॅनडात असतो. महिनाअखेरीला कैरोला येतोय, आईला कायमची घेऊन जायला. २९ तारखेला दुपारी एकचं विमान. शुब्र्याचं घर रिकामं करणार.

इन्साफ माझी मोठी बहीण, कैरोच्या दुसऱ्या टोकाला शुब्र्यात राहते. दीड वर्ष आमचं बोलणं नाही. आई गेली त्या दिवशी मी दफनाला उशिरा पोहोचलो. दायरीवर, म्हणजे रिंग रोडवर, ट्रॅफिक होता. त्यावर इन्साफ सगळ्यांसमोर म्हणाली, "जन्मभर गाड्यांची वेळापत्रकं केलीस वग्दी, आणि आईसाठी एक दिवस वेळेवर येता आलं नाही." मी मोठ्या मनाने काहीच बोललो नाही. तेव्हापासून बोललो नाही.

निश्चय: ती जायच्या आत शुब्र्याला जाऊन तिला माफी मागायची एक संधी द्यायची. तेवढं मी तिचं देणं लागत नाही, पण मी देणार.

सोहेर म्हणाली, मग आत्ताच जा की. शुक्रवार आहे, गर्दी नाही. हेलवानला मेट्रोत बस, शोहदाला गाडी बदल, शुब्र्याला उतर. संपलं.

बायको चांगली आहे, पण प्रवास हा तिचा विषय नाही. मी चौतीस वर्षं वेळापत्रक खात्यात काढली. लोक तयारी न करता घराबाहेर पडतात आणि मग शहराच्या नावाने खडे फोडतात. मी पुढच्या शुक्रवारी जाईन. चार आठवडे आहेत. भरपूर झाले.

रविवार, ३ नोव्हेंबर.

भिंतीवर शहराचा नकाशा लावला. सोहेरच्या आईच्या फोटोवरच लावावा लागला, तेवढीच जागा होती.

मेट्रो बाद. हेलवान ते शुब्रा अठ्ठावीस थांबे. म्हणजे अठ्ठावीस वेळा दार उघडणार, अठ्ठावीस वेळा मिटणार. सरळ शहराच्या पोटातून जायचं हे प्राथमिक शाळेतल्या पोराचं गणित. शहाणा माणूस शहराला वळसा घालतो. दायरीवरून मायक्रोबस. हेलवानहून निघायचं, पूर्वेकडून वर सरकायचं, पाऊण तासात शुब्रा.

संध्याकाळी कहवाखान्यात लमईला प्लॅन समजावला. लमई माझा शेजारी, निवृत्त औषधवाला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझी मुलगी शुब्र्याला आहे. मी दर मंगळवारी मेट्रोने जातो." मी विचारलं, आणि कंटाळा येत नाही? तर म्हणाला, "झोप लागते."

अशा माणसाशी काय बोलणार.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर. दुपारी ३.

नऊ वाजता निघालो. टाय लावला. वाटेत एक किलो बसबूसा घेतला, इन्साफला आवडतो. बाईने माफी मागितल्यावर काहीतरी गोड पुढे करता आलं पाहिजे.

मायक्रोबस उभीच होती. आत मी आणि एक म्हातारी. नऊ चाळीस झाले तरी तेच. ड्रायव्हरला सुटायची वेळ विचारली. तो म्हणाला, "गाडी भरली की वेळ झाली, हाज्जी." मी त्याला ठरलेल्या वेळी गाडी सोडण्याचे फायदे सांगितले. त्याने शांतपणे ऐकलं, मग खाली उतरून सँडविच खायला गेला. म्हातारी म्हणाली, "तुझ्या बोलण्याने दोन गिऱ्हाइकं परत गेली बाबा."

सव्वादहाला सुटलो. दायरीवर गाड्या जरा मंदावल्या तेव्हा मी ड्रायव्हरला आतला एक रस्ता सुचवला. हा रस्ता मला १९८९ पासून माहीत आहे. आता तिथे रस्ता नाही, बाजार आहे. समोर एका नवरीचं फर्निचर चाललं होतं, पाच टेम्पो, पुढे ढोल, आणि तिसऱ्या टेम्पोवर फ्रिजला धरून नाचणारा माणूस. पाऊण तास. मागून कोणीतरी ओरडलं, "कोणी सांगितला हा रस्ता?" ड्रायव्हरने माझ्याकडे बोट केलं. शब्दशः बोट.

तेवढ्यात अजान झाली. जुम्म्याची नमाज चुकू नये म्हणून मी उतरलो. ड्रायव्हर थांबेल असं मी गृहीत धरलं होतं. बाहेर आलो तर मायक्रोबस नव्हती. बसबूसा सीटवर होता.

निदान बसबूसा तरी शुब्र्याला पोहोचला असेल.

शनिवार, ९ नोव्हेंबर.

कालचं अपयश नाही. पाहणी होती.

सोहेर म्हणाली, येतोय म्हणून इन्साफला आधी एक फोन कर. नाही. फोन केला तर ती फोनवरच काहीतरी बोलून मोकळी होईल. समोरासमोर पाहिजे. शिवाय अचानक गेलं की माणसाचा खरा चेहरा दिसतो.

(इन्साफचा नंबर मोबाईलमध्ये आहे का पाहिलं. आहे. तसाच राहू दिला.)

मंगळवार, १२ नोव्हेंबर.

मायक्रोबस हा भरवशाचा प्रकार नाही, हे मला पहिल्यापासून वाटत होतं. आता मोठी बस. बसला नंबर असतो, मार्ग असतो, शिस्त असते.

एकच अडचण. बस थांब्यावर पुरती थांबत नाही, जरा हळू होते. तेवढ्यात दांडा धरून पाय उचलावा लागतो. मला सवय होती, पण मधे एकवीस वर्षं गेली. म्हणून आज जिन्यात सराव केला. कठडा म्हणजे दांडा. पळत यायचं, धरायचं, उडी. तिसऱ्या उडीला वरच्या मजल्यावरची बाई भाजी घेऊन येत होती. तिने सोहेरला विचारलं की उस्ताज वग्दींना डॉक्टरकडे दाखवलंत का.

सोहेर काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. हसली मात्र.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.

हे कसं झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे माझी चूक नव्हती हे नंतरही कळेल.

नंबर बरोबर होता. उडीही बरोबर बसली, एक माणूस "वा बाशा!" म्हणाला. खिडकीची जागा मिळाली. नव्याने घेतलेला बसबूसा मांडीवर. डोळे मिटले.

प्रत्येक बसच्या नंबराला एक भाऊ असतो, तोच आकडा, वर फक्त एक तिरकी रेघ. रेघ असली की बस वेगळीकडे जाते. रेघेवर चिखल उडाला होता.

डोळे उघडले तर समोर पिरॅमिड.

उतरताच एक उंटवाला इंग्रजीत "वेलकम! वेलकम!" करत आला. मला! हेलवानमध्ये जन्मलेल्या माणसाला! मी त्याला चांगलं झापलं. तेव्हा तो म्हणाला, "माफ करा काका, टाय बघून फसलो. मग इथे कशाला आलात?" मी म्हटलं, बहिणीकडे चाललोय. त्याने वाळवंटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

उंटावर बसलो नाही.

थोडा वेळ बसलो. पाय दुखत होते. बसबूसा आम्ही दोघांनी खाल्ला, नाहीतर कागदासकट वाया गेला असता.

परत यायला साडेतीन तास.

सोहेरला सांगितलं, रस्ते बंद होते. ती माझ्या पँटवरचे उंटाचे केस वेचत होती.

मंगळवार, १९ नोव्हेंबर.

खोल विचार केला. मेट्रो.

हा माझा स्वतःचा निष्कर्ष आहे. आधी सगळे पर्याय तपासून मग मेट्रोवर येणं वेगळं, आणि नुसतं झोपाळल्यासारखं मेट्रोत बसणं वेगळं. लमईला हा फरक समजावला. तो म्हणाला, "आज मंगळवार. चल माझ्याबरोबर, आत्ता निघतोय." मी म्हटलं, माझा शुक्रवार ठरलेला आहे. लमई म्हणाला, "वग्दी, तुला जायचंय ना नक्की?"

औषधवाल्यांना प्रत्येक माणूस रोगी दिसतो.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर. दुपारी ४.

सगळं लिहितो.

साडेआठला स्टेशनवर. गाडी उभीच होती, धावत चढलो. डबा स्वच्छ, बसायला जागा, मंद वास. मनात आलं, उगाच घाबरलो. मग लक्षात आलं की डब्यात मी एकटाच पुरुष आहे. बायकांचा डबा. पाटी दाराच्या डाव्या अंगाला होती, मी उजवीकडून आलो होतो.

समोर एक धिप्पाड बाई, मांडीवर मोलोखियाच्या जुड्या, पानं खुडत बसलेली. म्हणाली, "बाई, आज मिशी काढायची राहिली का गं?" सगळा डबा हसला. मी सांगितलं की मी वेळापत्रक खात्यात होतो. ती म्हणाली, "मग वाचता येत असेल." पुढे तिने मला उठू दिलं नाही, जुड्या हातात दिल्या आणि म्हणाली, आलाच आहेस तर खुड. तुरा स्टेशन येईपर्यंत दोन जुड्या खुडल्या. मग मी हिंमत करून उतरलो.

पुढची गाडी घेतली. शोहदाला बदलली. जिने दोन आहेत, एक शुब्र्याकडचा, एक उलटा. बाणाखाली लोक उभे होते. गिझा आलं तेव्हा समजलं. परत फिरलो.

पण पोहोचलो. बारा चाळीसला शुब्रा. ही नोंद ठळक असावी.

इन्साफच्या घरासमोर कहवाखाना आहे. वर जाण्याआधी जरा दम खावा म्हणून बसलो. चहा मागवला. तिची गॅलरी समोरच, तिसरा मजला. दोरीवर चादरी होत्या. एक वाजून दहा मिनिटांनी ती बाहेर आली. काठी आली आहे हातात. मला ठाऊक नव्हतं. एका हाताने काठी, एका हाताने चिमटे काढत होती. एक चिमटा खाली पडला, तो कुठे गेला ते ती वाकून बघत राहिली.

आईसारखी दिसायला लागली आहे.

दुसरा चहा मागवला. आत गेली. दिवा लागला. दारापाशी खोकी रचलेली दिसत होती.

मग डाव्या गुडघ्यात कळ आली. तीन मजले, लिफ्ट नाही. गुडघ्याशी खेळू नये. दोन वाजता निघालो.

घरी सोहेरने विचारलं, भेटली? म्हटलं, घरी नव्हती. कुलूप होतं.

सोहेर म्हणाली, "दीडला मी तिच्याशी फोनवर बोलत होते. घरच्या फोनवर."

मग ताट ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसली. बायका हल्ली लवकर थकतात.

मंगळवार, २६ नोव्हेंबर.

मोअताझ आला. त्याचा फोन. मला खालू म्हणतो, म्हणजे मामा. "खालू, गुरुवारी मी गाडी पाठवतो. नुसते बसा, ड्रायव्हर आणून सोडेल, परत नेईल. अम्मा रोज तुमचं नाव काढते."

मी म्हटलं, अरे, या शहरात मला कोणी रस्ता दाखवायचा? माझा मी येईन.

"कधी?"

"येईन."

तो म्हणाला, बरं खालू.

गुरुवार पक्का. यात आता बदल नाही. फक्त मार्ग ठरवायचा आहे. मेट्रोने मागच्या वेळी घोळ घातला, जमिनीवर हे असं. जमीनच नको. नाईल हेलवानहून थेट शुब्र्यापर्यंत वाहते, मधे एक सिग्नल नाही. पाच हजार वर्षं लोक हेच करत होते आणि कोणाला उशीर झाल्याचं ऐकिवात नाही.

सोहेरला सांगितलं. तिने हात जोडले. म्हणाली, "वग्दी, पाया पडते, मेट्रो घे. एकदा बदल. मी येते बरोबर."

म्हटलं, हे भाऊबहिणीचं आहे.

गुरुवार, २८ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.

सात वाजता निघालो. गावातून, नदीकाठच्या धक्क्यावरून, होडी. उत्तरेला जाते का विचारलं. जाते म्हणाले. शुब्र्यावरून जाते का? जाते म्हणाले. चढलो.

थांबते का, हे विचारायचं राहिलं.

ती सहलीची होडी होती. कॉलेजची शंभर पोरं, ढोलकी, कर्णा. होडी थेट अल-कनातीरला जाते, धरणापाशी, डबे खायला. एका मुलीने माझा हात धरून मला नाचात ओढलं, "या ना अंकल!" मी टाय सांभाळत उभा राहिलो. दहा वाजता उजवीकडे शुब्रा आलं. इमारती दिसल्या. मी खलाशाला म्हटलं, जरा काठाला घे. तो म्हणाला, "बाशमुहंदिस साहेब, ही होडी आहे, टॅक्सी नाही." शुब्रा मागे गेलं.

कनातीरहून मायक्रोबस. भरायला वेळ लागला. शुब्रा साडेबारा.

या वेळी कहवाखान्यात बसलो नाही. सरळ आत शिरलो. पहिल्या पायरीवरच दारवान आडवा आला. कोणाकडे?

इन्साफबाईंकडे.

"त्या नाहीत. सकाळी नऊलाच गेल्या, हेलवानला, भावाकडे. उद्या परदेशी चालल्यात ना. मुलगा म्हणत होता गाडीने सोडतो, तर म्हणाल्या, तुझ्या गाडीला वेळ लागेल, मी मेट्रोने जाते. काठी टेकत टेकत गेल्या बिचाऱ्या." मग माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "तुम्ही कोण?"

मी म्हटलं, वेळापत्रक खात्यातला.

दारवान म्हणाला, घाई असेल तर मेट्रो घ्या, समोरच आहे. मेट्रोतच ती परत येत असली आणि समोरासमोर गाठ पडली तर, सगळ्या लोकांत काय बोलायचं? म्हणून दायरीवरून मायक्रोबस. एक ट्रक उलटला होता. टोमॅटो.

चार पंचवीसला घर. ती साडेतीनला गेली होती.

सोहेर सांगत होती. साडेदहाला आली. मला फोन लावला तर मोबाईल घरातच वाजला. माझ्या खुर्चीत बसली. जेवायचं थांबली, वग्दी आल्यावर जेवू म्हणाली. दोन वाजता सोहेरनेच बळजबरीने दोन घास घातले. भिंतीवरचा नकाशा बघून म्हणाली, हे काय? सोहेरने सांगितलं, तुमच्याकडे यायचा रस्ता. हसली म्हणे. मग रडली.

आणि हे सांगून गेली: "त्याला सांग, मला माहीत आहे. आईच्या चाळिसाव्या दिवशी दफनभूमीच्या राखणदाराने मला सांगितलं. वग्दी दफनाच्या दिवशी वेळेवर आला होता. दाराबाहेरच्या टपरीवर बसून राहिला, शेवटपर्यंत. राखणदार म्हणाला आत चला, तर म्हणाला, मी वाट चुकलोय. आईला खाली उतरवताना बघवलं नसतं त्याला. लहानपणी घरी कोंबडी कापायची असली तर हा गच्चीवर जाऊन लपायचा. मी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं."

मी सोहेरला म्हटलं, राखणदाराचा काहीतरी गैरसमज झालाय. दायरीवर ट्रॅफिक होता.

सोहेर म्हणाली, बरं.

त्या टपरीवर मी दोन चहा घेतले होते. दुसऱ्यात साखर घालायची राहिली.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर.

सकाळी ७. सोहेर लमईच्या मुलीच्या गाडीने विमानतळावर निघाली. म्हणाली, चल, एक जागा आहे. मी बूट घातले होते. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी माझ्या मार्गाने येतो.

८. विमानतळाचा मार्ग काढतोय.

९.३०. अजून वेळ आहे. त्यापेक्षा फोनच करावा. आधी काय बोलायचं ते लिहून काढतो.

११. तीन मसुदे झाले. पहिल्यात ट्रॅफिकचा उल्लेख आहे, तो काढला. दुसऱ्यात काही उरलं नाही. तिसऱ्यात फक्त 'ताई' एवढंच आहे.

१२.२०. फोन लावला. बंद आहे.

१.३०. गच्चीवर गेलो. तीन विमानं दिसली. त्यातलं मधलं धरलं. ढगात जाईपर्यंत उभा राहिलो. बूट अजून पायात होते.

शनिवार, ३० नोव्हेंबर. दुपारी २.

नकाशा काढला. खालून सोहेरच्या आईचा फोटो निघाला. तो पुसला.

मग सोहेरला काही न सांगता मेट्रो स्टेशनवर गेलो. पाटी वाचली, पुरुषांच्या डब्यात बसलो. शोहदाला लोक ज्या जिन्याने जात होते त्याच जिन्याने गेलो. दुसरी गाडी दोन मिनिटांत आली. शुब्रा. एक तास बावीस मिनिटं. जाताना मारगिरगिस स्टेशनपासून पुढे डोळा लागला होता.

गॅलरीतली दोरी काढून नेली आहे. दारवानाने विचारलं, कोणाकडे?

म्हटलं, कोणाकडे नाही.

परत यायला एक तास एकोणीस.